ड्रॉईंगच्या सरांना, पांढऱ्या ट्यूबबद्दल

सर, नमस्कार.

तुमचा जुना नंबर आता लागत नाही, बाई म्हणते हा क्रमांक अस्तित्वात नाही, म्हणून हे सगळ्यांसमोरच लिहिते. गोव्यातल्या डिचोली-साखळीकडचं कुणी वाचत असेल आणि दोन शाळांत मिळून ड्रॉईंग शिकवणारे, स्कूटरच्या डिकीत कायम प्लायवूडचे तुकडे घेऊन फिरणारे सर ओळखीचे वाटले तर प्लीज त्यांच्यापर्यंत पोचवा. नाव मुद्दाम लिहीत नाही, सरांना असलं आवडत नाही.

मी दुसऱ्या बाकावरची, जी सगळं पान भरायची ती. आठवते का बघा. सातवी-आठवीत लॉकडाऊनमध्ये ड्रॉईंग म्हणजे ग्रुपवर फोटो टाकायचा, आणि मी काय करायची तर डोंगर, नदी, घर, माड, सूर्य, वर पक्षी, आणि मग उरलेल्या जागेत पण काहीतरी, फुलपाखरू म्हणा, विमान म्हणा, म्हणजे कागद कुठे दिसता कामा नये, दिसला तर आई म्हणायची अर्धवट ठेवलंस. नववीत शाळा परत सुरू झाल्यावर तुम्ही ते चित्र हातात धरून खूप वेळ बघितलंत आणि म्हणालात, "हांगा वारें खंय रिगतलें गो?" सगळा वर्ग हसला. मला काही कळलं नाही, चित्रात वारा कशाला शिरायला पाहिजे?

पुढच्याच तासाला तुम्ही बिस्किटांचा पत्र्याचा डबा फिरवलात आणि सगळ्यांच्या रंगपेटीतली पांढरी ट्यूब त्यात टाकायला लावलीत. जप्तीच ती. माझी तर नवीकोरी होती, झाकण पण उघडलं नव्हतं. वॉटरकलरमध्ये पांढरा रंग नसतो, कागदच पांढरा, तो सोडायचा, एवढंच सांगून तुम्ही आम्हाला व्हरांड्यातून समोरच्या घराचं तुळशी वृंदावन काढायला बसवलंत. चुना मारलेली पांढरी तुळस आणि खाली आपली लाल माती. मी आधी तुळशीची आउटलाईन काढायला गेले तर तुम्ही पेन्सिलच काढून घेतलीत. "पयलीं पळय, मागीर काड." आधी बघ, मग काढ. तर मी फक्त आजूबाजूची माती रंगवली, मागचा माड रंगवला, गडग्यावरचं शेवाळ रंगवलं, आणि कधीतरी बघते तर मधे तुळस उभी! मी तिला हातसुद्धा लावला नव्हता. खरं सांगते सर, दहावीचा रिझल्ट लागला तेव्हासुद्धा मला तसं वाटलं नाही.

(ट्यूब परत मिळाली नाही हे मात्र इथे नमूद करते.)

वाद पण मी घातला होता. आपल्या गोव्याच्या व्यंगचित्रकार मारियो मिरांडाने तर कुठेच जागा सोडली नाही, म्हापशाला जाताना काकांच्या दुकानात कॅलेंडर बघितलंय मी, माणसांवर माणसं, कुत्री, कोंबड्या, बाल्कन्या, मग त्यांना कुणी बोलत नाही ते? तुम्ही रागावला नाहीत. पणजीच्या सहलीला मार्केटच्या भिंतीवरची त्यांची चित्रं दाखवलीत आणि म्हणालात, "मोज पळोवया, कायच काडूंक ना असो जागो कितलो आसा." म्हणजे काहीच काढलेलं नाही अशी जागा किती आहे ते मोज. मी मोजायला लागले. बाईचा ड्रेस डिझाईनने भरलेला पण चेहरा कोरा. मागे रेघांची जाळी पण पुढच्या माणसाचा शर्ट कोरा. बावीस-तेवीसपर्यंत मोजलं आणि बस सुटायची वेळ झाली. त्याच सहलीत मिनेझिस ब्रागांझा संस्थेतल्या निळ्या-पांढऱ्या टाईल्स बघितल्या, पोर्तुगीज चित्रकार जॉर्ज कोलासोंनी 1935 मध्ये केलेल्या, तिथे बाकीची मुलं सेल्फी काढत होती आणि मी येड्यासारखी पांढरं कुठे कुठे ठेवलंय ते शोधत होते. त्या दिवसापासून ही खोड लागली ती लागलीच.

आता काव, म्हणजे लाल माती आणि चुन्याची कावी कला. हे मला सविस्तर लिहायचंय कारण याचेच आभार जास्त आहेत.

2021 च्या डिसेंबरात मन की बातमध्ये गोव्याच्या सागर मुळेंचं आणि कावी कलेचं नाव आलं तेव्हा गावात सगळेच काव काव करायला लागले. आमच्या वर्गात ती त्याआधीच येऊन गेली होती. दिवाळीच्या सुट्टीनंतर तुम्ही आम्हाला शाळेच्या मागची लाल माती खणायला लावलीत, ती आम्ही आईच्या जुन्या साडीतून वस्त्रगाळ केली, चुना आणला, गुळाचं पाणी आणलं, आणि हातमोजे नव्हते म्हणून हातांना दुधाच्या पिशव्या बांधून कालवाकालव केली. प्लायवूडवर आधी चुन्याचा पांढरा थर, त्याच्यावर लाल मातीचा पातळ थर, आणि तो लाल थर ओला असतानाच टोकदार वस्तूने खरवडायचा की खालचं पांढरं वर दिसतं. देवळांच्या भिंतींवर जुन्या लोकांनी असंच केलंय. आमच्याकडे कंपासपेटीतला डिवायडर आणि मोडक्या छत्रीची काडी, एवढीच हत्यारं. तेव्हा तुम्ही एक गंमत सांगितली होती, आपण म्हणतो चित्र काढलं, पण खरं काढणं इथेच, इथे लाल रंग काढूनच टाकायचा असतो. मराठीत हे किती छान बसतं ना, मी ही गोष्ट नंतर किमान दहा जणांना स्वतःची म्हणून सांगितली आहे, सॉरी.

माझं काय झालं ते तुम्हाला माहीतच आहे. मी थर दिला, मधल्या सुट्टीची घंटा झाली, मी पाव-भाजी खायला गेले, आणि गप्पा मारत मारत परत आले तोवर थर सुकून कडक. तरी मी जोर लावून कमळ खरवडायला गेले आणि अर्ध्या पाकळ्या पापुद्र्यासकट खाली. वर गुळामुळे मुंग्या आल्या त्या वेगळ्याच. मी रडकुंडीला आले होते, वाटलं आता सर दुसरं प्लायवूड देतील किंवा ओरडतील तरी. तुम्ही दोन्ही केलं नाहीत. "फाटल्यान वेळ बरय," म्हणालात. म्हणजे थर कधी दिला, खरवडायला कधी घेतला, मागच्या बाजूला लिही. मी लिहिलं, 10.40 आणि 11.35. पुढच्या वेळी वीस मिनिटांनी घेतलं तर माती लोण्यासारखी सरकली, रेघच टिकेना. मग पस्तीस. माझ्या त्या प्लायवूडच्या चारही पाट्यांच्या मागे वेळा लिहिलेल्या आहेत, चौथीवर कमळ नीट आलंय.

आता मी एफवाय बीएस्सीला आहे, बॉटनी. तुम्हाला वाटलं असेल आर्ट कॉलेजला जाईन, पणजीत आल्तिनोला, पण घरी ते जमलं नाही आणि खरं तर मलाही तेवढी हिंमत नव्हती. तर गेल्या महिन्यात प्रॅक्टिकलला सूर्यफुलाच्या खोडाचा ब्लेडने पातळ काप घ्यायचा होता, तो सॅफ्रॅनिन नावाच्या लाल रंगात बुडवायचा, सगळा लालभडक होतो, मग पाण्याने जादा लाल धुवून काढायचं की जिथे लाकडासारखा कडक भाग असतो तिथेच लाल राहतं आणि बाकीच्या पेशी फिक्या दिसतात. जास्त वेळ ठेवला तर सगळंच लाल, लवकर काढला तर काहीच नाही. अर्धा वर्ग मॅडमना विचारत होता किती मिनिटं, किती मिनिटं, आणि मी काय केलं तर जर्नलच्या मागच्या पानावर वेळ लिहायला लागले. तिसऱ्या कापाला जमलं. काप उचलायला आम्ही ब्रश वापरतो, माझा तो तुमच्याच तासाचा दोन नंबरचा ब्रश आहे, केस थोडे झडलेत. मायक्रोस्कोपमध्ये बघितलं आणि सर, ती माझी चौथी पाटी होती! लाल आणि पांढरं, गोल रांगेत. डायग्राम काढताना मी उगाच शेडिंग केलं नाही, एकच रेघ, बाकी कागद मोकळा. मॅडमनी विचारलं कुठे शिकलीस. मी म्हटलं शाळेत, आणि मला एकदम कसंतरी झालं, कारण तुम्हाला मी कधी थँक्यूसुद्धा म्हटलं नव्हतं.

म्हणणार तरी कधी? तुमचा तास आठवड्याला दोनदा, त्यातला एक परीक्षेच्या नावाखाली गणिताला जायचा, आणि दहावीच्या जूनमध्ये शाळेत आलो तर तुम्ही नव्हतातच. कॉन्ट्रॅक्ट संपलं, एवढंच कुणीतरी सांगितलं. पीटीचे सर रिटायर झाले तेव्हा शाल-श्रीफळ, भाषणं, समोसे, सगळं झालं. तुमचा तो पत्र्याचा डबा मात्र स्टाफरूमच्या कपाटावर वर्षभर तसाच होता. आम्ही दोघी-तिघी आत डोकावून बघायचो.

तर सर, थँक्यू. तुळशीसाठी, मारियोसाठी, मागे वेळ लिहायला लावलीत त्यासाठी.

आणि एक विचारायचं होतं. चौथी पाटी आमच्या देवघराबाहेर लावलीय, चवथीला गणपतीवर फळा-पानांची माटोळी बांधतात त्याच्या बाजूलाच, सगळे पाहुणे बघतात. पण यंदाच्या पावसात तिच्या खालच्या कोपऱ्याला काळी बुरशी आली आहे. बाबा म्हणतात ओल्या फडक्याने पूस, मला भीती वाटते लाल निघून येईल म्हणून. बुरशी कशी काढायची ते सांगाल का? काढायची म्हणजे घालवायची हो, चित्र नव्हे.

तुमची,
दुसऱ्या बाकावरची