सभासद औषधविक्रेत्यांना सूचना : बीपीच्या गोळीवर दुखण्याची गोळी

इंदूरच्या सर्व सभासदांस : साठी उलटलेल्या ग्राहकाने गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन ही दुखण्याची गोळी मागितल्यास आधी बीपीच्या गोळीची पट्टी मागून वाचा. ‘ती पांढरी गोळी’ एवढंच सांगितलं, तर घरून पट्टीचा फोटो मागवा. बीपी उतरवणारं टेल्मिसार्टन ४० आणि लघवीवाटे पाणी काढणारं हायड्रोक्लोरोथायझाइड १२.५ (मिलिग्रॅम) अनेकदा एकाच गोळीत असतात. नावात फक्त ‘एच’ दिसतो आणि नजर चुकते. त्यावर दुखण्याची गोळी पडली की मूत्रपिंडात रक्त आणणारी वाहिनी आवळते. रक्त बाहेर नेणारी वाहिनी टेल्मिसार्टनने आधीच सैल, हायड्रोक्लोरोथायझाइडमुळे पाणीही कमी. गाळण्यापुरता दाब उरत नाही. मे महिन्याच्या उन्हात, जुलाबात पाणी आणखी घटतं, म्हणून धोका अधिक. अशा वेळी दुखण्याची गोळी न देता डॉक्टरांना फोन करा. नेहमीचा ग्राहक नाराज झाला तरी चालेल. वॉरफेरिन हे रक्त गोठू न देणारं औषध घेणाऱ्यांनाही या दुखण्याच्या गोळ्या परस्पर देऊ नयेत; रक्तस्राव होऊ शकतो.