प्रायमर गोल आहे म्हणून ग्रेन वाढवू नकोस

आर्णी, जि. यवतमाळ

प्रिय गड्या,
सप्रेम नमस्कार.

तिकडे टेक्सासात तू स्वतः रायफलची काडतुसं भरतोस, त्यांच्या चाललेल्या पुंगळ्यांचे (पितळी खोळींचे) तू पाठवलेले फोटो मोठे करून पुन्हा पुन्हा पाहिले. खाली जे लिहिलंस, त्यानं मात्र जीव खालीवर झाला. 'प्रायमरची कड अजून गोल आहे, म्हणजे आणखी एक ग्रेन पावडर बसेल.' (ग्रेन म्हणजे पावडरीचं बारीक वजन.) प्रायमर, म्हणजे पुंगळीच्या बुडातली ठिणगी देणारी टिकली, दाब फार चढला की चपटी होते, म्हणून तू तसं म्हणालास. पण नाही रे, गोल प्रायमरचा तो अर्थ होत नाही.

तुझ्या 30-06 काडतुसाला कमाल सरासरी दाब 60,000 पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) ठरवून दिलेला आहे. म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला चार टनांच्या वर. एवढ्या दाबाला चांगलं पितळ काही बोलतच नाही. इजेक्टरच्या (रिकामी पुंगळी बाहेर ढकलणाऱ्या खुंटीच्या) भोकात पितळ दाबलं जाऊन बुडावर चकचकीत ठसा उठतो, तोवर दाब बहुतेकदा 70,000 च्या आसपास पोचलेला असतो. गुलाबी बोंडअळीचं आपल्याला ठाऊकच आहे. बोंड वरून हिरवंगार, अन् फोडून पाहावं तर आतलं सरकीसकट खाल्लेलं.

प्रायमरवर तर मुळीच विसंबू नकोस. एका कंपनीच्या प्रायमरचा कप, म्हणजे धातूची वाटी, मऊ, दुसरीचा कडक. हेडस्पेस, म्हणजे पुंगळी अन् तिच्यामागे बंद होणारा रायफलचा बोल्ट यांच्यातली मोकळीक, जास्त असेल तर हलक्या भरणीतही प्रायमर आधी मागे सरकतो, मग बोल्टवर आपटून चपटा होतो. प्रायमरवर आपटणाऱ्या पिनच्या खळग्याभोवती जी कड उचललेली दिसते, ती दाबानं असेल किंवा बोल्टमधलं पिनचं भोक सैल असेल. त्याच रायफलमधून कारखान्याचं काडतूस चालव आणि दोन्ही पुंगळ्या शेजारी ठेवून बघ. फौजेत आर्मरर (शस्त्रांची देखभाल करणारा) होतो तेव्हा मी काडतुसं भरत नव्हतो, पण चाललेल्या पुंगळ्या रोज हातात यायच्या. एका खुणेवरून निकाल द्यायचा नाही, हे तिथंच अंगात मुरलं.

तुझ्या शेवटच्या दोन पुंगळ्यांवर बुडावरच्या अक्षरांजवळ जो चकाकता ठसा आहे, त्याबद्दल मात्र मला शंका नाही. तो इजेक्टरचाच. शिवाय बोल्ट उचलताना जोर लागला, असं तूच लिहिलंस. दोन्ही एकत्र आले की थांबायचं. त्या भरणीची उरलेली काडतुसं चालवू नकोस, पुलरनं गोळ्या काढून मोकळी कर. त्या पुंगळ्यांत नवा प्रायमर बसवताना हाताला सैल लागला, तर पुंगळी फेकून दे.

क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजायचं यंत्र) घेतलास हे फार बरं केलंस. तेवढ्याच लांबीच्या नळीला काडतूस-भरणीच्या पुस्तकातल्या कमाल भरणीचा जो वेग दिलाय, तो तुला कमी पावडरीत मिळत असेल तर खूण दिसो न दिसो, दाब चढलेला आहे. वेग फुकट मिळत नाही. आणि पुंगळी बदललीस, प्रायमर बदललास, पावडरीचा नवा लॉट उघडलास, की खाली उतरून पुन्हा पुस्तकातल्या सुरुवातीच्या भरणीपासून चढायचं. लष्करी पितळ जाड असतं, आत जागा कमी, तेवढ्याच पावडरीला दाब जास्त.

उन्हाचं तर तुला मी सांगायला नको. चंद्रपूरचा मे तू काढलायस. तू भरण ठरवतोयस टेक्सासच्या डिसेंबरात अन् रानडुकरांवर चालवणार जूनमध्ये. बऱ्याच पावडरी तापल्या की दाब वाढवतात. थंडीत कडेवर उभी असलेली भरण उन्हात उभ्या गाडीत तापली, तर कडेपलीकडे जाईल. म्हणून कमालच्या बरंच खाली थांब. दीडशे यार्डांवरच्या डुकराला सेकंदाला पन्नास फूट कमी झाल्याचं काही कळत नाही. तुझे डोळे आणि हात मात्र मला शाबूत हवेत.

इकडे शस्त्र अधिनियम, 1959 मुळे परवान्याशिवाय कुणाला काडतूस भरता येत नाही, त्यामुळे विचारायला तुझ्याभोवती मराठी माणूस सापडायचा नाही. म्हणून एवढं लांबवलं.

पराटी वेचणीला आलीय. मजूर मिळत नाहीत, पण बोंड बरं आहे. वहिनींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद. पुढच्या खेपेला फोटोंसोबत वेगाचे सगळे आकडे, पुंगळीची कंपनी आणि त्या दिवशीचं तापमान लिहून पाठव.

तुझाच,
भाऊ