चाचा, माझ्या टेपवरचे इंच तुम्ही काळे केलेत त्याबद्दल

चाचा, सलाम.

तुम्ही स्मार्टफोनला हात लावत नाही हे माहितीये, त्यामुळे हे तुमची नात वाचून दाखवणार आणि तुम्ही मधेच "पुरे झालं गं" म्हणणार हेपण माहितीये. बेटा, तू थांबू नको, शेवटपर्यंत वाच. फोनवर काही बोलायला गेलो की हे "जेवलास का, काम बरं चाललंय ना, ठेव आता, बिल येईल" म्हणून कट करतात, व्हॉट्सअपला बिल येत नाही हे दहा वेळा सांगून झालं. म्हणून लिहितोय, आणि सगळ्यांसमोर लिहितोय, कारण आपल्याकडची तीन-चार पोरं सध्या रोज मेसेज करतायत की भाऊ एजंटचा नंबर दे, आणि प्रत्येकाला तीच गोष्ट परत परत टाइप करून माझा अंगठा दुखायला लागलाय.

तर पोरांनो, मी शटरिंगचा सुतार, म्हणजे काँक्रीट ओतायचे लाकडी साचे बनवणारा. सतराव्या वर्षापासून पनवेल, खारघर, तळोजा या पट्ट्यात बिल्डिंगची कामं केली. नववीला शाळा सोडली, त्यामुळे पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड. २०२१ च्या जुलैत चिपळूणला पूर आला तेव्हा आमच्या घरात छातीभर पाणी, माझी मशीनं गेली, आईचं शिलाई मशीन गेलं, फ्रिज तर उलटा होऊन दाराला अडकलेला. ते परत उभं करायला पतपेढीचं कर्ज काढलं आणि ते काही उरकेना. दिवसाला नऊशे हजेरी, महिन्यात २६ दिवस भरले तर २३,४००, त्यात रूमभाडं, खाणं, गावी पाठवणं. मग मुंबईतला एक एजंट मिळाला. सौदी, कारपेंटर, ८० हजार पगार, खाणं-राहणं फ्री, आणि वर "आझाद व्हिसा आहे, कुठेही काम कर". मागितले १ लाख ४० हजार. मी २० हजार अ‍ॅडव्हान्स आणि पासपोर्ट देऊन मोकळा. २०२३ च्या फेब्रुवारीतली गोष्ट.

आईने सांगितलं, जायच्या आधी चाचांना भेटून ये, ते बावीस वर्षं सौदीतल्या जुबैलला होते. मी आशीर्वाद घ्यायला म्हणून आलो होतो चाचा, सल्ला घ्यायला नाही, खोटं कशाला बोलू. लॅमिनेट केलेला व्हिसा तुमच्यापुढे ठेवला, अगदी लग्नाची पत्रिका ठेवतात तसा. तुम्ही चष्मा लावलात, अरबी ओळीवर बोट उजवीकडून डावीकडे नेत नेत एका शब्दावर थांबलात आणि विचारलंत, "तू काय काम करतोस?"

म्हटलं शटरिंग कारपेंटर.

"इथे आमिल लिहिलंय. आमिल म्हणजे लेबर. सुताराला नज्जार म्हणतात."

मी म्हटलं एजंट बोलला की कागदावर काहीपण असतं, तिकडे गेल्यावर कारपेंटरच. तुम्ही काही बोलला नाहीत, चाचीला चहा ठेवायला सांगितलात. मग चहा येईपर्यंत एकेक विचारत बसलात. कंपनीचं नाव काय? माहीत नाही. अ‍ॅग्रीमेंट कुठाय? तिकडे गेल्यावर देतील. लायसन नंबर? मी गप. ईसीआर पासपोर्टवर सौदी, दुबई, कतार असल्या अठरा देशांत नोकरीला जाताना सरकारचा एमिग्रेशन क्लिअरन्स लागतो, तो कोण काढणार? मी म्हटलं एजंट म्हणतो एअरपोर्टवर सेटिंग आहे. "सेटिंग" म्हटल्यावर तुम्ही हसलात, आणि मला इतका राग आला म्हणून सांगू, वाटलं ह्या म्हाताऱ्याचं झालंय सगळं करून, घर बांधलं, पोरींची लग्नं केली, आता दुसऱ्याचं बघवत नाही. हे आज पहिल्यांदा कबूल करतोय. आईलापण माहीत नाही.

मग तुम्ही तुमच्या मेव्हण्याचं सांगितलंत. आझाद व्हिसावर गेलेला, कागदावर एकाचा माणूस आणि काम दुसऱ्याकडे, कफीलला, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा त्या मालकाला, दर महिन्याला पैसे भरायचे. २०१३ ला सौदीने निताकतखाली, म्हणजे आपल्या लोकांना नोकऱ्या द्यायच्या त्यांच्या नियमाखाली, तपासणी कडक केली तेव्हा असल्या लोकांना मुदत दिली, नोव्हेंबरच्या आत कागद नीट करा नाहीतर निघा. मेव्हणे एका बॅगेवर परत आले. आझाद व्हिसा नावाची वस्तू कायद्यात नाहीच, हे मला त्या दिवशी कळलं, बाजारात तर ती सगळ्यात महाग विकतात.

दुसऱ्या दिवशी तुमच्या नातीने ई-मायग्रेटवर, म्हणजे लायसनवाले एजंट दाखवणाऱ्या सरकारी साइटवर, एजंटचं नाव टाकलं. आलंच नाही. तीन स्पेलिंगनी टाकून बघितलं.

इथपर्यंत कोणीपण केलं असतं. पण अडुसष्टाव्या वर्षी गुडघ्याला पट्टा बांधून तुम्ही माझ्याबरोबर दिवा पॅसेंजरने मुंबईला आलात ते कोणी करत नाही. ऑफिसात तो माणूस म्हणाला साहेब बाहेर गेलेत, उद्या या. तुम्ही म्हणालात बरं, बसतो. आणि बसलात. बारा वाजले, एक वाजला, तुम्ही चाचीने दिलेला डबा तिथेच उघडलात, तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी, आणि त्या एसीच्या बंद खोलीत बोंबलाचा जो वास सुटला! इंटरव्ह्यूला आलेली दोन पोरं उठून बाहेर गेली आणि दारातूनच तुम्हाला विचारायला लागली की काका प्रॉब्लेम काय आहे. तेव्हा साहेब आतल्या खोलीतून निघाले. तुम्ही आवाजपण चढवला नाहीत, एवढंच म्हणालात की पासपोर्ट भारत सरकारचा असतो, तुमचा नाही आणि ह्याचापण नाही, आत्ता द्या नाहीतर मी खाली चौकीत जाऊन बसतो, माझा डबा संपलाय. पासपोर्ट मिळाला. २० हजारातले १२ मिळाले. आठ बुडाले ते बुडाले, तुम्ही म्हणालात फी समज.

आता मला वाटलेलं की तुम्ही लगेच कुठल्यातरी चांगल्या ओळखीच्या माणसाकडे न्याल. तर तुम्ही म्हणालात, "आधी अंगणात ये. तुला काम येतं का बघू." बारा वर्षं काम केलेल्या माणसाला हे ऐकायचं म्हणजे! पण आलो.

तुमच्या फणसाखाली जुना प्लाय पडलेला, १८ एमएमचा. तुम्ही कागदावर चौकोन काढून दिलात, कॉलम ३०० बाय ६०० एमएम, फॉर्मा (साचा) बनव. मी म्हटलं इंचात सांगा. आमच्याकडे सगळं इंच आणि सूत (इंचाचा आठवा भाग), "दोन सूत मार", "अर्धा सूत सोड", त्यातच हात बसलेला. तुम्ही माझी टेप मागितलीत, घरातून काळ्या ऑइलपेंटचा डबा आणि काडी आणलीत, आणि पायरीवर बसून टेपच्या इंचाच्या बाजूवर शून्यापासून पाच मीटरपर्यंत रंग मारलात. अर्धा दिवस गेला त्यात. मी बघत बसलेलो, नवी टेप होती हो ती, ३५० रुपयांची.

आणि मग पहिल्याच बॉक्सला माझी फजिती. चारही बाजू ३०० आणि ६०० कापल्या, ठोकल्या, आतून माप घेतलं तर एक बाजू ५६४. प्लायची जाडी धरलीच नव्हती, दोन्हीकडचे अठरा-अठरा गेले. दोन फळ्या ३०० च्या आणि दोन ६३६ च्या पाहिजेत. साइटवर हे रोज करतो, पण तिथे मिस्त्री खडूने आकडा लिहून देतो आणि मी कापतो, बारा वर्षांत स्वतः आकडा काढायची वेळच आली नव्हती. हे तुम्ही पाच मिनिटांत ओळखलंत. नंतर डायगोनल. टेप लावून दोन्ही कर्ण सारखे आले की मी खूश व्हायचो, तुम्ही विचारायचात, "सारखे किती?" ६७१ आला पाहिजे. ६७५ सारखा आला तर बॉक्स काटकोनात असेल पण मोठा झालाय. गुण्या (काटकोन बघायचं हत्यार) नसेल तर ६००-८००-१००० करून काटकोन काढायचा, तीन-चार-पाचचंच ते. ओळंबा सोडला की खाडीवरचं वारं सुटायचं आणि तो डोलायचा, मी चिडायचो, तुम्ही म्हणायचात पाण्याच्या बादलीत बुडव, थांबेल. थांबला.

दंडपण ठरलेला. दर पाच मिलिमीटरच्या चुकीला चाचीच्या चुलीसाठी एक भारा लाकूड फोडायचं. सहा रविवारांत चाचीकडे पावसाळ्यापुरतं सरपण झालं. चाची, तुम्ही दर वेळी सांदणं करून घालायचात त्यामुळे दंड आहे की मेजवानी तेच कळायचं नाही.

मग मुंबईतल्या दुसऱ्या एजंटकडे ट्रेड टेस्ट, म्हणजे कामाची परीक्षा दिली, तर तिथे खरोखर कॉलम बॉक्सच आला. ड्रॉइंग दिलं, सगळं एमएममध्ये, वेळ दीड तास. माझ्या बाजूचा मुलगा हाताने माझ्यापेक्षा फास्ट होता, खरं सांगतो, पण ड्रॉइंगवर अडकला आणि इकडेतिकडे बघायला लागला. मी टेप काढली तर टेस्ट घेणारा फोरमन काळा रंग बघून म्हणाला, "ये क्या किया है?" म्हटलं उस्तादने किया. तो हसला आणि पुढे गेला. पास.

हा एजंट लायसनवाला, साइटवर अ‍ॅक्टिव्ह दिसत होता. सर्व्हिस चार्ज ३०,००० आणि वर जीएसटी, मिळून ३५,४००. सरकारने त्याच्यावर घ्यायला बंदी केलीये, आणि पावती घ्यायचीच. पोरांनो, कोणी लाख-दीड लाख मागत असेल तर हा आकडा समोर ठेवा. मेडिकल, फोटो, येणंजाणं धरून माझे पन्नासच्या आत झाले. विमा २७५ रुपयांचा दोन वर्षांसाठी, दहा लाखांचा, प्रवासी भारतीय विमा योजना नाव आहे, त्याच्याशिवाय क्लिअरन्स निघतच नाही. जायच्या आधी एक दिवसाचं फुकट ट्रेनिंग असतं, झोपू नका तिथे. आणि आपला इलेक्ट्रिशियन भाऊ विचारत होता त्याला सांगतो, तुम्हा लोकांना, म्हणजे इलेक्ट्रिशियन, प्लंबर, वेल्डर, सौदीसाठी त्यांची स्किल व्हेरिफिकेशनची परीक्षा वेगळी आहे, ती आधी बघ.

व्हिसा आला तो घेऊन मी थेट तुमच्याकडे. परत तोच चष्मा, तेच बोट. "नज्जार," तुम्ही म्हणालात, आणि परत एकदा वाचलंत. मग मला कागद वही घेऊन बसवलंत, पगार १,५०० रियाल बेसिक, रियाल तेव्हा बावीस-तेवीसच्या घरात, म्हणजे ३३ हजार, ८० नाही. तासाला सव्वासहा रियाल, ओव्हरटाइम दीडपट म्हणजे नऊच्या वर. "ओव्हरटाइम मिळेल असं धरून कर्ज फेडायचं गणित करू नको." हे वाक्य मी इथे किती जणांना सांगितलंय!

२०२३ च्या ऑक्टोबरात आलो. रियाधमध्ये आहे, बिल्डिंगच्या खालच्या पार्किंगचं काम. इथलं शटरिंग म्हणजे पिवळे एच बीम, टाय रॉड, विंग नट, खिळा क्वचित मारावा लागतो. एका खोलीत सहा जण, दोन बिहारचे, एक केरळचा, दोन बांगलादेशी आणि मी. पासपोर्ट माझ्याजवळ आहे, इकामा (इथे राहायचा परवाना) खिशात, पगार बँकेत येतो, अ‍ॅग्रीमेंट किवा नावाच्या सरकारी अ‍ॅपवर बघता येतं. सगळं गोड आहे असं नाही. उन्हाळ्यात १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी बारा ते तीन उन्हात काम बंद ठेवायचा नियम आहे, पण तीन वाजताचं ऊन काही मवाळ नसतं, सळीला हात लावला की चटका. आणि डिसेंबरात इतकी थंडी की कोकणातल्या माणसाला रडू येईल. ओव्हरटाइम चार महिने होता, मग दोन महिने शून्य. तेव्हा तुमचं वाक्य आठवलं, आणि हप्ता चुकला नाही.

गणपतीला पहिल्यांदा घरी नव्हतो. त्या दिवशी नातीच्या फोनवरून कॉल आला आणि स्क्रीनवर आमचाच, गणपतीवर फळंपानं टांगलेल्या माटोळीचा कोपरा, आणि बाजूला तुम्ही खुर्चीत, हातात मोदक. दोन मिनिटं कोणीच बोललं नाही, मग तुम्ही विचारलंत, "जेवलास का?"

पैशाचं विचारलं की तुम्ही रागावता. निघताना पाकीट ठेवलं तर चाचीने माझ्या बॅगेत परत टाकलेलं, ते मला रियाधला पोचल्यावर सापडलं, तुमच्या काजूच्या पिशवीखाली. म्हणून आता परवानगी विचारत नाही. आठ हजार बुडाले होते ते तुम्ही फी समज म्हणालात, ती फी खाल्ली त्या एजंटने, तुमची बाकीच आहे. गुडघ्याच्या डॉक्टरची चिपळूणची अपॉइंटमेंट आईने घेतलीये, गाडी घरापर्यंत येईल, बसायचं फक्त. बेटा, हे वाचताना आजोबा उठून गेले तर चाचीला सांग.

थँक्यू चाचा. आपल्याकडे हा शब्द कोणी घरच्याला म्हणत नाही, विचित्र वाटतंय लिहायला, पण लिहितो.

टेपवरचा रंग पहिल्या मीटरभर उडालाय, खालचे इंच दिसायला लागलेत. ऑक्टोबरात सुट्टीला येतोय. डबा आणि काडी काढून ठेवा. आणि चाचीला सांगा, मागचे तीन भारे लाकूड माझ्याकडे बाकी आहेत, मी विसरलो नाहीये.