हार्ड डिस्क गेली, सवयी राहिल्या

संपादक महोदय,

जुना संगणक सुरू व्हायला पाच मिनिटे घेऊ लागला की तो भंगारात काढायची घाई होते. बहुतेक वेळा प्रोसेसर ठणठणीत असतो, रखडत असते ती हार्ड डिस्क. मिनिटाला 5400 फेरे घेणाऱ्या तबकडीवर हवी ती जागा वाचणाऱ्या हेडखाली यायलाच सरासरी साडेपाच मिलिसेकंद जातात, हेड सरकण्याचा वेळ वेगळा. विंडोज सुरू होताना हजारो छोट्या फायली इथून-तिथून वाचते आणि अशी डिस्क सेकंदाला जेमतेम शंभर जागा गाठते. एसएसडी म्हणजे फ्लॅश चिप्सवर माहिती ठेवणारी डिस्क, तिच्यात फिरणारे काहीच नसते. तिला मिलिसेकंदाचा दहावा हिस्सा पुरतो. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क सतत 100 टक्के आणि प्रोसेसर निवांत दिसत असेल, तर एसएसडी बसवावी, संगणक टाकून देऊ नये.

मात्र विकत घेण्याआधी झाकण उघडून पाहावे. अडीच इंची साटा (डिस्क जोडण्याची जुनी, रूढ पद्धत) डिस्क असेल तर एसएसडी त्याच जागी बसते. जुन्या डिस्कची जाडी 9.5 मिमी आणि नवी 7 मिमी असल्यास सोबतची प्लास्टिकची चौकट लावावी, नाहीतर ती हलून कनेक्टर सैल होतो. मदरबोर्डवर एम.2 ही छोट्या पट्टीसारख्या एसएसडीची खाच दिसली म्हणून एनव्हीएमई (साटापेक्षा वेगवान प्रकारची एसएसडी) घेऊ नका. काही खाचांना फक्त साटा कळते. तिथे एनव्हीएमई बसल्यासारखी वाटली तरी बायोसला (संगणक सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या प्रोग्रॅमला) दिसत नाही.

क्लोन करताना, म्हणजे जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल नव्या डिस्कवर उतरवताना, सर्वांत जास्त चुका होतात. आधी डिस्कचा स्मार्ट अहवाल (डिस्कने ठेवलेली स्वतःच्या तब्येतीची नोंद) पाहा. ‘करंट पेंडिंग सेक्टर’ (नीट वाचता न आलेल्या जागांचा आकडा) शून्याच्या वर असेल तर दुरुस्तीचे प्रोग्रॅम चालवून तिला दमवू नका, आधी महत्त्वाच्या फायली काढून घ्या. बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर तो तात्पुरता थांबवा आणि रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. फक्त सी ड्राइव्ह उतरवला तर संगणक सुरू होणार नाही, कारण सुरू होण्याच्या फायली शेजारच्या छोट्या ईएफआय पार्टिशनमध्ये असतात. क्लोन संपूर्ण डिस्कचाच हवा. यूएसबी 2 वरून 500 जीबी उतरायला चार तासांहून जास्त लागतात, तेवढा वेळ लॅपटॉप चार्जरवर असू द्या. पहिल्यांदा सुरू करताना जुनी डिस्क काढून ठेवा. दोन्हींची ओळख-सही एकच असते, त्यामुळे विंडोज एकीला ऑफलाइन टाकते.

इथवर बहुतेक जण पोचतात. खरी काळजी पुढे आहे, कारण हार्ड डिस्कच्या सवयी तशाच राहतात. डीफ्रॅगची (फायलींचे विखुरलेले तुकडे एकत्र लावण्याची) सवय सोडा, तो एसएसडीवर उगाच लेखन करतो. दुसरी सवय महागात पडते: चुकून पुसलेली फाइल दुकानात नेऊन परत मिळवायची. फ्लॅशमध्ये लेखन छोट्या पानांवर होते, पण पुसता येतो तो शेकडो पानांचा अख्खा ब्लॉक. म्हणून फाइल डिलीट झाली की विंडोज ‘ट्रिम’ आदेशाने कोणती पाने मोकळी झाली ते कळवते आणि कंट्रोलर (एसएसडीचा कारभार पाहणारी चिप) सवडीने ती साफ करतो. रिसायकल बिन रिकामा केल्यावर काही मिनिटांतच परतीची वाट बंद झालेली असू शकते.

बिघाडाचेही तसेच. हार्ड डिस्क बऱ्याचदा आधी टकटक करते, कॉपी अडखळते, चार दिवस हाती देते. एसएसडी झिजून मरण्याची भीती अनाठायी आहे. 500 जीबीच्या चांगल्या एसएसडीवर 300 टीबी लेखनाची हमी सर्रास असते. रोज 50 जीबी लिहिले तरी ती सोळा वर्षे पुरेल. पण कंट्रोलर किंवा त्याचे फर्मवेअर (त्याच्यातला प्रोग्रॅम) बिघडले, तर काल चाललेली एसएसडी आज बायोसमध्ये दिसतही नाही. माहिती अनेक चिप्सवर विखुरलेली आणि बऱ्याचदा सांकेतिक रूपात असते. चिप काढून वाचली तरी हाती काही लागेलच असे नाही. म्हणून एसएसडी बसवली त्याच दिवशी बॅकअप सुरू करा.

तो बॅकअप दुसऱ्या एसएसडीवर घेऊन कपाटात ठेवून देणे मात्र चुकीचे. फ्लॅशमधला विद्युतभार हळूहळू गळतो. आयुष्य संपत आलेल्या घरगुती एसएसडीने वीज नसताना 30 अंश तापमानात एक वर्ष माहिती धरावी, एवढीच जेडेक या चिप उद्योगाच्या मानक संस्थेची अपेक्षा आहे. त्यापेक्षा काढलेली हार्ड डिस्क स्मार्ट अहवालात निर्दोष असेल तर यूएसबी केसिंगमध्ये घाला, आठवड्यातून एकदा जोडून फायली उतरवा आणि काम झाले की केबल काढून ठेवा.

— एक संगणक दुरुस्ती तंत्रज्ञ