आई, पूर्णाआजीला पंधरा मिनिटं दे

पाचपाखाडी, ठाणे
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आई म्हणाली, "ती माझी पूर्णाआजी नाय गो. आता माका ता बघूचाच नाय." आणि लगेच विषय बदलून यंदा नारळ किती उतरले ते सांगायला लागली. मागून बाबांनी हळूच सांगितलं की आठवडा झाला, ‘ठरलं तर मग’ मालिकेच्या वेळेला घरातला टीव्ही बंद असतो आणि आई एकटी ओटीवर जाऊन बसते. ते ऐकल्यापासून डोक्यातून जात नाहीये. फोनवर तू मला बोलू देणार नाहीस, म्हणून लिहितेय.

मालिकेत पूर्णाआजी करणाऱ्या ज्योती चांदेकर १६ ऑगस्टला गेल्या तेव्हा तू मला दुपारी ऑफिसात फोन केलास. एरवी माझ्या ऑफिसच्या वेळेत तू कधी फोन करत नाहीस, म्हणून माझ्या पोटात धस्स झालं. वाटलं, बाबांना काही झालं. तू एवढंच म्हणालीस, "पूर्णाआजी गेली." मी म्हटलं, आई, मी मीटिंगमध्ये आहे, रात्री बोलू. रात्री बोलले नाही. ते मला लागून राहिलंय. डिसेंबर २०२२ पासून ती बाई रोज रात्री तुझ्या घरात येऊन बसत होती. तुझ्याच वयाची, तुझ्यासारखीच हट्टी, सुनेच्या हातचं आवडलं तरी चट्कन ‘छान झालंय’ न म्हणणारी. घरातली सायली हीच आपली हरवलेली तन्वी हे तिला कधी कळेल, याची तू किती वाट पाहिलीस! तो क्षण तुला ज्योतीताईंच्या चेहऱ्यावर बघायचा होता. तो आता कोणीही केला तरी तसा होणार नाही, हे मला मान्य आहे.

मधले काही आठवडे ती जागा रिकामी होती. आता तिथे रोहिणी हट्टंगडी आल्यात. तू म्हणतेस चेहरा बदलला की माणूस बदललं. मी यावर बराच विचार केला. ठाण्याहून वाशीच्या गाडीत बसले की तुर्भे येईपर्यंत जाहिरातींशिवायचा एक भाग बघून होतो, तसे मी त्यांचे सगळे भाग पाहिले. तुला आठवतं, २०१० साली आपण तिघं ‘मी सिंधुताई सपकाळ’ बघायला गेलो होतो? त्यात तरुण सिंधुताई तेजस्विनी पंडितनं केली होती आणि उतारवयातल्या सिंधुताई ज्योती चांदेकरांनी. लेकीनं आणि आईनं मिळून एकच बाई उभी केली. तेव्हा थिएटरमधून बाहेर पडताना तूच म्हणाली होतीस की चेहरा कधी बदलला ते कळलंच नाही. म्हणजे एका माणसाचे दोन चेहरे तू आधीही मनापासून स्वीकारलेत, आणि त्यातला एक ज्योतीताईंचाच होता.

आणि रोहिणीताई तुला परक्या आहेत का? ‘चार दिवस सासूचे’ २००१ ला सुरू झालं तेव्हा चरईतल्या आपल्या खोलीत जेवणाची पानं त्या मालिकेच्या वेळेवर पडायची. कविता लाडची अनुराधा आणि रोहिणीताईंची सासू. तीन हजारांच्या वर भाग झाले त्याचे, अकरा वर्षं चाललं. मधे माझं लग्न झालं, चिनू झाला, आणि तुम्ही गावाला गेलात तरी ती मालिका सुरूच होती. मग २०१३ मध्ये रोहिणीताईच ‘होणार सून मी ह्या घरची’त आईआजी झाल्या. सहा सासवांच्या त्या घरात त्यांचा शब्द शेवटचा असायचा आणि तरी जान्हवीला सगळ्यात जास्त समजून घ्यायच्या त्याच. म्हणजे गेली चोवीस वर्षं तू या बाईंना सासूची आजी होताना बघत आलीस. त्यांनी पूर्णाआजी करताना ज्योतीताईंची नक्कल केलेली नाही, हे मला फार आवडलं. आवाज स्वतःचा ठेवलाय, बसणं स्वतःचं ठेवलंय. ज्योतीताईंची जागा घेतली असं न वाटता, त्यांची राहिलेली कामं कोणीतरी हातात घेतलीत असं वाटतं.

माझी तक्रार वेगळी आहे. माझ्या मते कथेतली पूर्णाआजीही जायला हवी होती. आपल्या मालिकांत लग्न तीन आठवडे चालतं. मेंदी, हळद, संगीत, मग महाएपिसोड. मंगळागौर आठवडाभर. पण घरातलं मोठं माणूस गेलं तर त्यासाठी जागा नसते. सुभेदारांच्या घरात तेरा दिवस दाखवले असते, खुर्ची रिकामी राहिली असती, सायलीनं सवयीनं एक कप चहा जास्त टाकला असता, सून कल्पना पहिल्यांदाच घरातली सगळ्यात मोठी झाली असती. हे सगळ्या महाराष्ट्रानं घरात बसून बघितलं असतं, आणि जी माणसं अशा दुःखातून नुकतीच गेलीत त्यांना बरं वाटलं असतं. आपली आजी गेली तेव्हा मी बी.कॉम.ला होते. तेव्हा ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ आठवड्यातून एकदा लागायचं आणि आजी गेल्यानंतरच्या पहिल्या भागाला बाबांनी टीव्ही लावला. नातेवाईक काय म्हणतील म्हणून तू नको म्हणत होतीस. बाबा म्हणाले, तिला आवडायचं, लागू दे. मग आबा डायरी लिहायला बसले आणि आपण सगळे रडलो. दिलीप प्रभावळकर तेव्हा साठीचेही नव्हते, पण आपल्या आजीची सगळी उठबस त्यांच्या अंगात होती.

अगदी खरं सांगायचं तर हल्ली मी कुठलीही मालिका बघायला बसले की त्यातल्या म्हाताऱ्या माणसांना काय काम दिलंय, हेच आधी बघते. बहुतेक ठिकाणी काही नाही. भरजरी साडी, मोठी नथ, सोफा, आणि प्रत्येक वाक्यानंतर कॅमेरा त्यांच्या चेहऱ्यावर तीनदा जातो. सत्तर वर्षांचं माणूस खरं म्हणजे दिवसभर काय काय करतं! बाबा पंप चालू करतात, गडग्यावरची झाडं तोडतात, बँकेत पासबुक भरायला जातात, डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावरही आठव्या दिवशी पेपर वाचतात. हे कोणी लिहीत नाही.

म्हणूनच ‘लक्ष्मी निवास’ सुरू झालं तेव्हा मी तुम्हाला आवर्जून फोन करून सांगितलं होतं. हर्षदा खानविलकर आणि तुषार दळवी. आयुष्यभर मुलांसाठी राबलेलं जोडपं, निवृत्ती जवळ आलेली, आणि मनात फक्त एक गोष्ट, स्वतःचं घर. बाबा, तुम्ही वागळे इस्टेटमधून निवृत्त झालात तेव्हा फंडाचे पैसे आले त्या रात्री तुम्ही आणि आई स्वयंपाकघरात पाटावर बसून वहीत हिशेब करत होतात. पत्र्याचं छप्पर की स्लॅब, विहिरीला किती, माझ्यासाठी बाजूला किती ठेवायचे. मी झोपल्याचं सोंग घेऊन ऐकत होते. श्रीनिवास आणि लक्ष्मी हिशेबाला बसायचे तेव्हा मला तुम्ही दोघंच दिसायचात. पहिले दोन-तीन महिने ती मालिका मला मनापासून आवडली. मग जयंत आला, घरभर कॅमेरे लावून बायकोवर नजर ठेवणारा, आणि हळूहळू सगळं त्याच्याभोवती फिरायला लागलं. मेघन जाधव काम उत्तम करतो, त्याच्याबद्दल काही म्हणणं नाही. पण ज्या दोघांच्या नावानं घर उभं राहणार होतं ते आठवड्यात एक-दोन प्रसंगांपुरते उरले. रेटिंगचा आकडा गुरुवारी येतो आणि त्यावर लिहिणाऱ्यांना पुढचं ठरवावं लागतं, हे मी समजू शकते. तरी वाईट वाटतं.

बाबांच्या ‘सीआयडी’बद्दलही बोलायचं आहे. ती डिसेंबर २०२४ मध्ये परत आली तेव्हा तुम्ही किती खूश होतात. १९९८ पासून २०१८ पर्यंत वीस वर्षं पाहिलेली मालिका, शिवाजी साटम म्हणजे तुमच्या लेखी घरचे. आणि एप्रिलमध्ये मालिकावाल्यांनी त्यांच्या एसीपी प्रद्युम्नला मारूनच टाकलं. तुम्ही दोन दिवस नीट जेवला नाहीत, आईनं मला सांगितलं होतं. माणूस धडधाकट, पंचाहत्तरीत रोज कामाला येतोय, आणि पात्र बॉम्बस्फोटात गेलं. लोकांनी फारच नाराजी दाखवली म्हणून पुन्हा आणलं. ते परत आले याचा तुम्हाला आनंद झाला, मलाही झाला, पण त्यांना जिवंत ठेवण्यासाठी एवढ्या लोकांना ओरडावं लागलं हे मला मुळीच आवडलेलं नाही. वीस वर्षं सोबत असलेल्या माणसाशी असं वागू नये.

परत आलेल्या बाकीच्यांचं थोडक्यात. ‘चला हवा येऊ द्या’ जुलैत परत आलं, या वेळी अभिजित खांडकेकरला घेऊन. श्रेया आणि कुशल आहेत, पण मला निलेश साबळे आणि भाऊ कदमांशिवाय ते घर ओळखीचं वाटत नाही. बाबांनी हास्यजत्राच बघावी. तुलसीची हिंदी मालिका २९ जुलैपासून पुन्हा सुरू झाली, दोन आठवडे बघितली, सोडली. ‘होम मिनिस्टर’ मात्र परत यावं असं मला खरंच वाटतं. २००४ ते २०२३. शेवटच्या वर्षांत ती अकरा लाखांची पैठणी आली, ते मला पटलं नव्हतं. त्या कार्यक्रमाची मजा अशी होती की भावोजी कोणाच्याही दोन खोल्यांत यायचे आणि त्या बाईला, जिला कोणी कधी काही विचारलेलं नसतं, तिला विचारायचे, तुम्ही दोघं पहिल्यांदा कुठे भेटलात. आई, तुला कोणी विचारलं असतं तर तू काय सांगितलं असतंस, हे मला आजही माहीत नाही. पत्रात लिहिलंस तरी चालेल.

‘रात्रीस खेळ चाले’वरून बाबांशी माझा वाद अजून मिटलेला नाही. "आमच्या कोकणाक भुतांचा गाव करून ठेवल्यानी," हे तुमचं म्हणणं पहिल्या भागाबाबत, म्हणजे २०१६ सालच्या, मला मान्य आहे. पण २०१९ चा दुसरा भाग मागच्या काळात गेला आणि तिथे अण्णा नाईक माणूस म्हणून दिसला. परत येणारी मालिका कशी असावी याचं माझ्या दृष्टीनं ते उत्तम उदाहरण आहे: नाव तेच, वाडा तोच, पण आधी न सांगितलेलं काहीतरी सांगायला आली होती. माधव अभ्यंकर आणि अपूर्वा नेमळेकर दोघांनीही जीव ओतला. आकेरीच्या त्या वाड्यासमोर गाड्या थांबवून लोक फोटो काढतात, त्याचा तुम्हाला त्रास होतो हे खरं. तरी मालवणी रोज रात्री सगळ्या महाराष्ट्राच्या घरात ऐकू आली. चिनूला चार मालवणी शब्द येतात ते त्यातून आलेत, माझ्याकडून नाही, आणि याची मला खंत आहे.

आई, नवीन काही बघायचं असेल तर ‘वीण दोघातली ही तुटेना’ बघ. ऑगस्टमध्ये सुरू झालंय. सुबोध भावे आणि तेजश्री प्रधान. वय वाढलेलं, घरच्यांसाठी स्वतःचं सगळं मागे ठेवलेली स्वानंदी. गोष्ट हिंदीवरून आलीय, पण तेजश्री एखादं वाक्य अर्धवट सोडते आणि गप्प बसते ना, ते बघण्यासारखं आहे. तिच्या वडिलांशी बोलण्याचे प्रसंग चुकवू नकोस.

डिसेंबरमध्ये तुम्ही दोघं इकडे या. बाबांचे डोळे इथे पुन्हा एकदा दाखवून घेऊ. कोकणकन्या रात्रीची आहे, सकाळी ठाण्यात उतराल, मी स्टेशनवर येते. दोन तिकिटं मी इथूनच काढते, फक्त तारीख कळवा. हॉलमध्ये तुझ्यासाठी खुर्ची टीव्हीच्या डाव्या बाजूला हलवलीय, तुझ्या उजव्या कानाला कमी ऐकू येतं म्हणून. चिनूला सांगून ठेवलंय की रात्री आठ ते दहा रिमोट आजीकडे.

तोवर एक कर. पावसाळा संपला, डिशचा सिग्नल आता जायचा नाही. उद्या रात्री टीव्ही लाव आणि फक्त पंधरा मिनिटं बघ. रोहिणीताई सायलीशी कशा बोलतात ते बघ. नाही आवडलं तर बंद कर, मी पुन्हा विषय काढणार नाही. भाग संपला की मी फोन करीन, आणि या वेळी मीटिंग असली तरी घाईनं फोन ठेवणार नाही.

तुमची,
माई