त्या मुलीचं काय, श्रीधर?

पुणे, ११ ऑक्टोबर

प्रिय श्रीधर,

अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन आणि मोनिका लेविन्स्की यांच्या प्रकरणावरचं परवाचं आपलं फोनवरचं बोलणं अर्धवट राहिलं. शेवटी तू जे म्हणालास ते तसंच सोडून द्यायला मन तयार होत नाही, म्हणून लिहायला बसले. "आता एवढ्या वर्षांनी सगळे क्लिंटनला झोडपायला निघालेत, पण ती काही कुकुलं बाळ नव्हती, स्वखुशीनं गेली होती," असं तू म्हणालास. ती स्वखुशीनं गेली होती हे खरंच आहे. तिनं स्वतः ते कधी नाकारलेलं नाही. पण त्यावरून तू जिथे जाऊन पोचतोस, ते मला मुळीच पटत नाही. दुसरं कुणी बोललं असतं तर मी विषय बदलला असता. तुझ्याशी तसं वागता येत नाही.

मोनिका लेविन्स्की १९७३ सालची, म्हणजे आपल्याच वयाची. १९९५च्या उन्हाळ्यात ती व्हाइट हाउसमध्ये बिनपगारी इंटर्न म्हणून लागली. त्या नोव्हेंबरात अर्थसंकल्पावरून राष्ट्राध्यक्ष आणि काँग्रेस, म्हणजे तिथली संसद, यांचं फाटलं, सरकारी कामकाज ठप्प झालं आणि पगारी कर्मचाऱ्यांना घरी बसवलं गेलं. इंटर्नना पगारच नव्हता, त्यामुळे त्यांच्यावर जास्तीची कामं पडली, आणि ही मुलगी एकदम राष्ट्राध्यक्षांच्या दालनाशेजारी येऊन पोचली. ती २२ वर्षांची, तो ४९चा. ही जवळीक काही वरिष्ठांच्या डोळ्यांत खुपायला लागली तेव्हा एप्रिल १९९६मध्ये बदली कुणाची झाली? तिची. पेंटॅगॉनमध्ये, म्हणजे संरक्षण खात्याच्या मुख्यालयात. मी आयुष्यभर नोकरी केली आहे, श्रीधर. साहेबाचं आणि हाताखालच्या मुलीचं काही असल्याची कुजबुज सुरू झाली की टेबल मुलीचंच हलतं, हे मी एकाहून जास्त ठिकाणी पाहिलंय. मोठ्या पदाचं रक्षण करायचं म्हणजे लहान माणसाला दूर करायचं, हे सगळ्यांना इतकं सवयीचं झालंय की त्यात कुणाला अन्याय दिसतसुद्धा नाही.

पेंटॅगॉनमध्ये तिला लिंडा ट्रिप भेटली. मैत्रीण म्हणून तिनं सगळं ऐकून घेतलं आणि फोनवरची बोलणी गुपचूप टेप केली. पुढचं १६ जानेवारी १९९८ या दिवसाचं. ट्रिपनं जेवायला म्हणून बोलावलं आणि एफबीआयची माणसं व क्लिंटनची चौकशी करणाऱ्या केनेथ स्टार या स्वतंत्र सरकारी वकिलाचे सहकारी वकील मोनिकाला पेंटॅगॉन सिटीतल्या हॉटेलच्या खोलीत घेऊन गेले. रात्री उशिरापर्यंत ती तिथे होती. क्लिंटनशी आपला संबंध नव्हता, अशा तिनं दिलेल्या खोट्या प्रतिज्ञापत्राबद्दल २७ वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो असं तिला ऐकवलं गेलं. सहकार्य करायचं म्हणजे इतरांची बोलणी टेप करून द्यायची, असा प्रस्ताव होता. तिनं तो मानला नाही. आई विमानानं प्रवास करत नसे, म्हणून ती न्यूयॉर्कहून रेल्वेनं येईपर्यंत ही २४ वर्षांची मुलगी त्या अनोळखी माणसांत एकटी होती. तू मला नेहमी विचारतोस की तिच्यावर नक्की अन्याय काय झाला. हा दिवस वाच.

पुढे दोन पक्ष झाले आणि दोघांनीही तिला वापरलं. माझं मुख्य म्हणणं हेच आहे. स्टारच्या बाजूला ती पुरावा म्हणून हवी होती. खटला शपथेवर खोटं बोलल्याचा होता, पण सप्टेंबरमध्ये स्टारचा अहवाल इंटरनेटवर आला तेव्हा त्यात कुठे, केव्हा, कसा स्पर्श झाला याचे तपशील भरभरून होते. राष्ट्राध्यक्ष खोटं बोलले हे सिद्ध करायला त्यातलं कितीसं लागत होतं? आणि क्लिंटनच्या बाजूला ती बदनाम व्हायला हवी होती. सिडनी ब्लुमेंथाल या त्यांच्या सहायकानं ग्रँड ज्युरीसमोर, म्हणजे खटला भरायचा का ते ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळासमोर, सांगितलंय की बातमी फुटली त्याच दिवशी क्लिंटननी त्याला सांगितलं, ही मुलगी मागे लागणारी म्हणून ओळखली जाते, तिनंच माझ्यावर झडप घातली. पाच दिवसांनी, २६ जानेवारीला, कॅमेऱ्यासमोर बोट रोखून ते "त्या बाईशी, मिस लेविन्स्कीशी" आपला संबंध नव्हता असं म्हणाले. ज्यावरच्या डागानं त्यांचा संबंध सिद्ध झाला तो निळा ड्रेस तिच्याकडे नसता, तर ती जन्मभर वेडी आणि खोटारडी ठरली असती. त्या ड्रेसवर आपल्याकडेही किती विनोद झाले ते तुला आठवत असेल. ती खरं बोलत होती हे जगाला मान्य करायला लावणारी ती एकच वस्तू होती.

नीतीच्या गप्पा मारणाऱ्यांबद्दल फार लिहीत नाही. विरोधी रिपब्लिकन पक्षाचे, प्रतिनिधिगृहाचे सभापती न्यूट गिंग्रिच यांचं स्वतःचं त्याच काळात काँग्रेसमधल्या एका कर्मचारी तरुणीशी प्रकरण चालू होतं. ते त्यांनी २००७मध्ये कबूल केलं. त्यांच्या जागी येणाऱ्या बॉब लिव्हिंग्स्टन यांनी आपली प्रकरणं बाहेर आल्यावर क्लिंटनवरच्या महाभियोगाच्या मतदानाच्या दिवशीच, १९ डिसेंबर १९९८ला, पायउतार होत असल्याचं जाहीर केलं. आणि स्टार? पुढे ते बेलर विद्यापीठाचे अध्यक्ष झाले आणि तिथल्या फुटबॉल खेळाडूंविरुद्धच्या लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी विद्यापीठानं नीट हाताळल्या नाहीत, म्हणून २०१६मध्ये त्यांना त्या पदावरून दूर करण्यात आलं. बाईची अब्रू या माणसांना कधीच महत्त्वाची वाटली नव्हती.

मला जास्त लागतं ते आपल्या, म्हणजे उदारमतवादी बाजूच्या लोकांचं वागणं. पॉला जोन्स ही आर्कान्सा राज्य सरकारची साधी कर्मचारी. तिनं १९९४मध्ये क्लिंटनवर लैंगिक छळाचा दावा लावला, तर क्लिंटनच्या गोटातून तिच्या गरिबीची आणि राहणीची चेष्टा झाली. वॉनिटा ब्रॉड्रिक या बाईंनी फेब्रुवारी १९९९मध्ये टीव्हीवर येऊन १९७८मधल्या बलात्काराचा आरोप केला. क्लिंटनच्या वकिलांनी तो नाकारला, आणि सिनेटनं महाभियोगातून त्यांना नुकतंच निर्दोष सोडल्यामुळे कुणाला तो विषय पुन्हा उघडायचा नव्हता. स्त्रीवादी नेत्या ग्लोरिया स्टायनेम यांनी मार्च १९९८मध्ये वर्तमानपत्रात लेख लिहून क्लिंटनची बाजू घेतली. 'नाही' म्हटल्यावर तो थांबला, हा त्यांचा मुख्य मुद्दा. गर्भपाताचा हक्क टिकवायचा तर हा माणूस टिकायला हवा, हे त्यामागचं गणित मला समजतं. पण ते गणित चुकीचं होतं. ज्या स्त्रीचं ऐकायचं ती कुठल्या पक्षाच्या उपयोगाची आहे हे आधी बघितलं, की स्त्रीचं ऐकणं संपलंच.

आता तुझा राग ज्यांच्यावर आहे त्या नव्यानं विचार करणाऱ्यांकडे येते. २०१७च्या शरदात हॉलिवूडचा निर्माता हार्वी वाइनस्टीनचं लैंगिक अत्याचारांचं प्रकरण फुटलं आणि नोव्हेंबरमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्याच सिनेटर कर्स्टन गिलिब्रँड म्हणाल्या की क्लिंटननी तेव्हा राजीनामा द्यायला हवा होता. हे फार उशिराचं होतं, हा तुझा आक्षेप मान्य. हिलरी २०१६ची निवडणूक हरल्या होत्या, क्लिंटन घराण्याला दुखावण्याची किंमत आता उरली नव्हती. पण उशिरा बोललेलं म्हणून ते खोटं ठरत नाही.

या नव्या विचारातली मला खटकणारी गोष्ट वेगळीच आहे. त्यात मोनिकाला स्वतःची इच्छा नसलेली, भोळी शिकार करून टाकतात. तिनं स्वतः तसं कधी म्हटलं नाही. २०१४च्या लेखात ती लिहिते की साहेबानं माझा फायदा घेतला, पण संबंध संमतीचा होता आणि यावर मी ठाम आहे. २०१८मध्ये ती लिहिते की एवढी सत्ता एका बाजूला असताना त्या संमतीला अर्थ किती, याचा मी आता पुन्हा विचार करते आहे. तो सत्तेचा मोठा गैरवापर होता. तुला यात कोलांटउडी दिसते. मला दिसते ती एक बाई, जी चाळिशी ओलांडल्यावर आपल्या विशीकडे प्रामाणिकपणे बघते आहे. तिला तो माणूस हवा होता हे खरं. त्या माणसानं तिला दूर ठेवायला हवं होतं, कारण देशाचं सरकार त्याच्या हातात होतं आणि ती तिथली बिनपगारी मुलगी होती, हेही तितकंच खरं.

हे समजायला अमेरिकेलाच जायला नको. आपल्याच महाराष्ट्रातल्या देसाईगंजच्या पोलीस चौकीत १९७२मध्ये मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर बलात्कार झाला आणि सर्वोच्च न्यायालयानं अंगावर जखमा नाहीत, प्रतिकार दिसत नाही, असं म्हणून दोन्ही पोलिसांना सोडलं. तेव्हा १९७९मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धगमवार आणि रघुनाथ केळकर यांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं: शरण जाणं म्हणजे संमती नव्हे. दोन्ही घटना एका मापाच्या नाहीत, मोनिकावर बळजबरी झाली नव्हती, हे मला नीट कळतं. पण समोरच्याच्या हातात काय काय आहे ते बघितल्याशिवाय 'तिची मर्जी होती' असं म्हणून मोकळं होता येत नाही, एवढं त्या चौघांनी आपल्याला तेव्हाच शिकवलं होतं.

आणि पुरुषांचं सांगते, कारण फोनवर तू चिडलास तो 'पुरुष' या शब्दावरच. महाभियोगाचं मतदान झालं त्याच सुमारास गॅलपच्या पाहणीत क्लिंटनच्या कामाला ७३ टक्के लोकांनी पसंती दिली. तो माणूस सन्मानानं निवृत्त झाला, भाषणं देत जगभर हिंडला. तिनं २००६मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून सामाजिक मानसशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतली, आणि नावामुळे तिला नोकरी मिळेना. प्रकरण गाजत होतं तेव्हा आमच्या ऑफिसात चहाच्या वेळी पुरुष तिच्यावर हसत होते आणि त्याच्याबद्दल बोलताना त्यांच्या आवाजात कौतुक होतं. ती माणसं वाईट नव्हती, अडीअडचणीला धावून येणारी होती. पण त्या टेबलाशी आम्ही तिघीजणी बसलो आहोत, आमचीही नावं उद्या अशीच घेतली जातील, हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही.

जून २०१८मध्ये एका मुलाखतीत क्लिंटनना विचारलं की मोनिकाची तुम्ही स्वतः माफी मागितली का. ते चिडले. आपण जाहीर माफी मागितली आहे, तिच्याशी कधी बोललो नाही, म्हणाले. वीस वर्षं गेली होती, श्रीधर. एक फोन करायचा होता.

ते दोन्ही लेख, २०१४चा आणि २०१८चा, तुला मेलवर पाठवते आहे. आधी ते वाच, मग फोन कर. भांडायचं असेल तरी चालेल, मी रविवारी दिवसभर घरीच आहे. वहिनींना नमस्कार सांग, आणि तीही वाचणार असेल तर तिचं मत मला वेगळं ऐकायचंय.

तुझी,
अनघा