खांदशेकणीनंतर

चि. बाईस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर "व्हॉलीबॉल सोडून दे" असं तोंडातून निघून गेलं. तेव्हापासून तुझी आई माझ्याशी धड बोलत नाही. म्हणून कागद घेतला. खांद्याचं काही लिहिणार नव्हतो.

खांदशेकणीला, पोळ्याच्या आदल्या दिवशी, मी सर्जाच्या खांद्याला हळद-लोणी चोळत होतो. "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या" म्हणत तू ओवाळायला वाकलीस, अन् मागून आई ओरडली, "हिच्या फऱ्यावर खड्डा कायचा?" बैलाचे खांदे मी दरवर्षी पाहतो. तुझा दिसला नाही.

डॉक्टरांनी रेघा ओढून दाखवलं ते अजून डोळ्यापुढे आहे. सुप्रास्कॅप्युलर नस फऱ्याच्या, म्हणजे खांद्यामागच्या हाडाच्या, खाचेतून वळते. सर्व्ह-स्मॅश मारून मारून ती तिथं ताणली, म्हणून मागचा स्नायू वाळला. एमआरआयत नस दाबणारी पाण्याची गाठ निघाली नाही, म्हणून ऑपरेशनची घाई नाही. पण नस दिवसाला जेमतेम १ मिलिमीटर भरून येते. आपली पऱ्हाटी बरी म्हणायची! तोवर रबरी पट्टा ओढायचा, फरा मागे आवळायचा, स्मॅश बंद. बंदच आहे ना?

दुखत नाही म्हणून हात उचलू नको. तुझं तर आधीही फारसं दुखत नव्हतं, तिथंच फसलो आपण. गोळीनं दुखणं दबतं, नस मोकळी होत नाही. खड्डा पुरता भरेलच असं नाही, पण बाजूचे स्नायू तयार झाले की खेळता येतं, असं डॉक्टर तुझ्यासमोरच बोलले. मोठ्या आत्यासारखं अर्ध्यात सोडू नको. तिनं काय केलं, तुला माहीत आहे.

पुन्हा भाषण झालं. राहू दे.

गोठ्याच्या खांबापासून निंबापर्यंत दोर बांधून तू एकटीच बॉल मारायचीस. तुरीच्या पैशातून बूट आणले, तेही एक नंबर मोठे. पुढं कापूस कोंबून तू जिल्ह्याला खेळलीस. घरी आल्यावर कापूस काढून आईच्या हातात दिलास, "वाती कर" म्हणून. मी त्या दिवशी वावरात जाऊन उगाच बसलो होतो.

जवसाची चटणी दादासोबत पाठवतो. पिशवी डाव्या हातानं घे.

तुझे बाबा

ता. क. कालच्या फोटोत तू नेटजवळ दिसतेस. नुसती उभीच होतीस ना?